पुराच्या खुणेला पाठ लावून उभी राहणारी चिऊ

चिपळूणहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून इथे देते.

«ताई, माझी मुलगी पाच वर्षं दोन महिन्यांची आहे. घरात तिला चिऊ म्हणतात. सासरे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर ते तिला कडेवर घेऊन डेपोत जायचे. गाड्यांच्या पाट्या बघता बघता तीन वर्षांची व्हायच्या आतच ती 'गुहागर', 'दापोली' वाचायला लागली. आता पेपर वाचते. चाळीस देशांच्या राजधान्या तिला पाठ आहेत. घरी कोणी आलं की सासरे तिला उभं करून म्हणायला लावतात. बालवाडीच्या बाई मात्र म्हणतात, 'हुशार आहे, पण हट्टी आहे. लिहायला बसवलं की रडते.' मिस्टर म्हणतात, अबॅकस लावू, आयक्यू काढून घेऊ, एकदम दुसरीत बसवू. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या एका क्लासचं पत्रकही आलंय, फी बारा हजार. मोठा मुलगा तिसरीत आहे. तो साधा आहे, सायकल खोलत बसतो. चिऊ त्याच्या चुका काढते म्हणून त्याने मोठ्याने वाचणंच सोडलंय. रात्री झोपताना ती 'आजी कधी मरणार' विचारते आणि रडत बसते. माझं शिक्षण बारावीपर्यंत. तिचे प्रश्न मला झेपत नाहीत. माझ्यामुळे पोरीची हुशारी वाया जाईल का, या विचाराने झोप लागत नाही.

ता. क. – २०२१ च्या पुराच्या पाण्याची खूण आम्ही भिंतीवर तशीच ठेवली आहे. चिऊ तिथे पाठ लावून उभी राहते आणि विचारते, पाणी माझ्याएवढं व्हायला किती वेळ लागला? मग माझ्याएवढं होऊन थांबलं का नाही?»

प्रिय चिऊच्या आई,

राजधान्यांबद्दल तुम्ही मूळ पत्रात अर्धं पान लिहिलंत आणि पुराच्या खुणेबद्दल ताजा कलमात दोन ओळी. तुमची मुलगी काय आहे, याचा अंदाज मला त्या दोन ओळींवरून आला.

पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांना पाठांतर सहज जमतं. मनाचे श्लोक, रामरक्षा, पाढे घडाघडा म्हणणारी पोरं आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यात गोडवा आहे, त्याचा उपयोगही आहे. पण 'पाणी माझ्याएवढं व्हायला किती वेळ लागला' या प्रश्नात काय काय दडलंय बघा. पाणी एकदम आलं नाही, चढत चढत आलं, हे तिने मनाशी धरलंय. चढायला वेळ लागतो आणि तो मोजता येईल, हे तिला सुचलंय. मोजायला पट्टी नाही म्हणून तिने स्वतःची उंची वापरली आहे. आणि 'मग थांबलं का नाही' असं विचारून ती थेट कारणाला हात घालते. २२ जुलै २०२१ ला ती काही महिन्यांची होती. तिने पाहिलेली आहे ती फक्त भिंतीवरची रेघ. त्या रेघेवरून तिने मनात अख्खा पूर उभा केला.

हुशारीची खूण मी अशा ठिकाणी शोधते. मूल एखादा प्रश्न विचारतं, उत्तर ऐकून गप्प बसतं आणि पंधरा दिवसांनी त्याच प्रश्नाचं पुढचं टोक घेऊन येतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी जोडून दाखवतं. खेळाचे नियम बदलून पाहतं. कुणावर अन्याय झाला की मोठ्यांपेक्षा जास्त तळमळतं. आवडीच्या कामात जेवणाची शुद्ध नसते आणि नावडत्या कामात पाच मिनिटंही बूड टेकत नाही. लवकर वाचणं ही खूण आहे खरी, पण एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिसऱ्या वर्षी वाचणारी काही मुलं पुढे वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने चालू लागतात, आणि काही फार तल्लख मुलं सातव्या वर्षापर्यंत धड वाचत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या हातून एक मूल निसटलं, तेव्हा शिकले. फार वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई बाजारात भाजी विकायची. त्याला अक्षरं येईनात, तास तास खिडकीबाहेर बघत बसायचा. एका गुरुवारी आठवड्याच्या बाजारात मी त्याच्या आईच्या पुढ्यात बसले. ती दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती म्हणून तोच पुढे झाला. गवार सहाची, वांगी पाचची, मेथीच्या दोन जुड्या आठच्या. मी पन्नासाची नोट दिली आणि माझा हिशेब व्हायच्या आत त्याने एकतीस रुपये माझ्या हातावर ठेवले. वर आईला म्हणाला, "मेथी आत्ताच उतरव, उन्हाने संध्याकाळपर्यंत राहायची नाही, वांगी राहतील." सहा वर्षांचं पोर मालाचा, उन्हाचा आणि वेळेचा मेळ घालत होतं. आणि मी माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'मंद' असं लिहून ठेवलं होतं. माझ्या अक्षरातला तो शब्द आजही माझ्या डोळ्यांपुढे येतो. मी पुढे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले, पण तोवर अर्धं वर्ष गेलं होतं, आणि दुसरीत तो शाळेत आलाच नाही.

म्हणून आयक्यूचा आकडा काढायची घाई करू नका, असं चिऊच्या बाबांना सांगा. बुद्धी मोजायची पहिली नावाजलेली चाचणी आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केली, ती कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल हे ओळखायला. हुशार मुलांना बिल्ला लावणं हा तिचा हेतूच नव्हता. आपल्याकडे डॉ. कामतांनी तिला इथल्या मुलांसाठी रूप दिलं, ती बिने-कामत चाचणी आजही वापरतात. चाचण्या वाईट नाहीत. जाणकार मानसशास्त्रज्ञाने, मुलाला सोबत घेऊन, काही ठरावीक अडचणीसाठी केली तर चाचणी बरंच काही सांगते. पण पाचव्या वर्षीचा आकडा पुढे बराच हलतो. १९२१ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर अतिहुशार मुलं चाचणीने निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. त्यांच्यातल्या कुणाला नोबेल मिळालं नाही. ज्यांना गुण कमी पडले म्हणून घेतलं नव्हतं, त्यांच्यातल्या विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. तिथल्या प्रशालेतही चाचण्या घेऊन प्रवेश मिळतो तो पाचवीपासून. चिऊला त्याला अजून चार-पाच वर्षं आहेत.

पट्टीच्या क्लासबद्दल मात्र मी ठाम सांगते. ते पत्रक फाडून टाका. पट्टी आणि नाक यांच्यामध्ये फट राहते, मूल तिथून खाली बघून वाचतं. फट नीट बुजवली किंवा पुस्तक कपाळासमोर धरलं की वाचन बंद पडतं. मेंदू 'जागा' वगैरे काही होत नाही. बारा हजार गेल्याचं दुःख एक वेळ सोसवेल, पण तिथे मुलाला फटीतून दिसत असताना 'मला दिसत नाही, आतून कळतं' असं म्हणायची सवय लागते. ज्या मुलीला पाणी का थांबलं नाही हे खरंखुरं जाणून घ्यायचंय, तिला आपण पैसे भरून खोटं बोलायला शिकवायचं? बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारेही गावोगाव फिरतात. त्यालाही शास्त्राचा आधार नाही.

अबॅकसचं तसं नाही. तिला मणी सरकवायला आवडले तर खेळू दे, आकडेमोडीचा वेग वाढेल. पण तिची भूक वेगाची नाही, हे बाबांच्या लक्षात आणून द्या.

आता बालवाडीतलं रडणं. चिऊचं वाचन आठ वर्षांच्या मुलासारखं आहे, बोटं पाच वर्षांच्या मुलीची आहेत, आणि भीती वाटते तेव्हा ती साडेतीन वर्षांची होते. एकाच फ्रॉकमध्ये तीन वयं राहतात म्हणा ना. तिने छापील 'क्ष' हजार वेळा पाहिलाय. तो कसा दिसतो हे तिला पक्कं माहीत आहे, आणि हातातून जो उतरतो तो त्याच्या जवळपासही नसतो. जे मूल अजून वाचत नाही, त्याला स्वतःचा वाकडा 'क' छानच दिसतो. चिऊला स्वतःचा तसा छान दिसत नाही, म्हणून ती रडते. बाईंना तो हट्ट वाटतो, कारण 'एवढं वाचणारी मुलगी लिहीत का नाही' असंच कुणालाही वाटेल.

बोटांना काम द्या, पेन्सिल थोडी लांब ठेवा. कणकेचे गोळे, शेंगा सोलणं, फणसाच्या आठळ्यांचं साल काढणं, अंगणात रांगोळीचे ठिपके, कात्रीने जुना पेपर कापणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या वारली मुलांना पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन शिकवलं, ते सगळं तुमच्या परसात पडलेलं आहे. आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं एक काम करा. तिने सांगायचं आणि तुम्ही वहीत लिहायचं. तिचे शब्द, तिची वाक्यं, तशीच. 'मगर खाडीत आंघोळ करते का' असलं काहीही. मग ती स्वतःचंच वाक्य वाचेल. हात डोक्याच्या मागे पडलाय म्हणून डोक्यातलं थांबायला नको.

ती वही घेऊन बाईंना भेटा. 'माझी मुलगी विशेष आहे' असं म्हणत जाऊ नका. त्या वाक्याने समोरच्या बाईंचे कान बंद होतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून अनुभवलंय. वही उघडून द्या आणि म्हणा, 'बाई, ही असं बोलते. लिहिताना का रडते, मला कळत नाही, तुम्ही बघाल का?' पंचवीस-तीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना कुणी मदत मागितली की त्या लक्ष देतात. गोष्टीच्या तासाला तिला वरच्या वर्गात बसू द्या, दुपारच्या वेळी लहानांना गोष्ट वाचून दाखवू द्या, एवढ्या दोनच गोष्टी मागा.

दुसरीत एकदम बसवण्याचा विचार आत्ता बाजूला ठेवा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पहिलीसाठी सहा वर्षं हे वय धरलंय, तेव्हा नियमाचाही अडसर येईल. पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वर्ग ओलांडणं नेहमीच चुकीचं असतं असं नाही. आठ-नऊ वर्षांच्या एखाद्या मुलाला त्याने फार बरं वाटतं. चिऊचे हात मात्र आज दुसरीचा स्वाध्याय लिहू शकणार नाहीत, आणि मग ती तिथेही रडेल, यावेळी सात वर्षांच्या मुलांसमोर.

पाहुण्यांसमोर उभं करण्याबद्दल तुम्ही सासऱ्यांवर रागावून लिहिलंय. राग मी समजू शकते. पण आधी हे लक्षात घ्या की या घरात चिऊचे पहिले गुरू तेच आहेत. कुठल्याही क्लासशिवाय, डेपोतल्या पाट्यांवर त्यांनी तिला अक्षरओळख करून दिली, आणि त्यात त्यांची माया होती. त्यांचा अभिमान मोडू नका, त्याला वाट बदलून द्या.

वाट का बदलायची, तेही सांगते. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सोडवल्यावर काहींना 'तू किती हुशार' म्हटलं, काहींना 'तू किती मेहनत घेतलीस'. पुढच्या खेपेला हुशारीचं कौतुक झालेली मुलं सोपी कोडी मागू लागली, अवघड आलं की लवकर हिरमुसली, आणि काहींनी आपले गुण दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगितले. कौतुक हातचं जाऊ नये म्हणून मूल नवीन काही करून बघायचंच सोडतं. टाळ्या फक्त येणाऱ्या गोष्टींना मिळतात, प्रश्नाला कधी मिळत नाहीत. चिऊला हे सहा महिन्यांत कळेल, आणि मग ती पुराच्या खुणेकडे जायची नाही.

आजोबांना म्हणा, 'बाबा, तिला कंडक्टरकी शिकवा ना.' एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. चिपळूण ते गुहागर किती टप्पे? अर्धं तिकीट कुणाचं? गाडीत सतरा पूर्ण आणि पाच अर्धी, किती पैसे जमले? तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच कपाटात असला तर काढून द्या. पोरीला भागाकार कळेल, आणि आजोबांच्या आयुष्यभराच्या कामाला घरात मान मिळेल. पाहुणे आले तर दोघांनी मिळून पाहुण्यांना तिकीट फाडून द्यावं. तिने 'म्हणून दाखवण्या'पेक्षा पाहुण्यांनाही त्यात जास्त मजा येईल.

रात्रीच्या रडण्याकडे आता. 'आजी देवाघरी जाणार नाही, झोप' म्हणून तुम्ही तिला गप्प करता असं लिहिलंय. अशा मुलांना ते पटत नाही. तिने हिशेब केलेला असतो. आजी म्हातारी आहे, म्हातारी माणसं मरतात, आजीनंतर आई. हिशेब बरोबर आहे आणि तो पेलायला तिचं मन पाच वर्षांचंच आहे. दिवसा, उजेडात, ती खेळत असताना तुम्हीच विषय काढा. 'तू विचारलंस ना, सगळी माणसं कधी ना कधी मरतात. आजीची तब्येत आत्ता चांगली आहे. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही.' खरं उत्तर उजेडात द्यायचं. रात्री नऊ वाजता तोच प्रश्न आला तर माहिती देत बसू नका, त्या वेळी ती माहिती मागत नसते. जवळ घ्या, पाठीवर हात फिरवा, 'मी आहे इथे' म्हणा. जमलं तर आजीच्याच कुशीत झोपू द्या. आजीचा श्वास चालू असलेला ऐकत ती झोपेल.

'तिचे प्रश्न मला झेपत नाहीत' असं तुम्ही लिहिलंत, त्याला वेळ द्यायचा म्हणून मी ते मागे ठेवलं होतं.

डॉ. जयंत नारळीकरांचं बालपण बनारसला गेलं. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे होते. त्यांचा एक मामा शिकायला त्यांच्याकडे राहत होता. तो त्या फळ्यावर छोट्या जयंतसाठी एक कोडं लिहून ठेवायचा. उत्तर सुचेपर्यंत, नाहीतर जयंतने हार मानेपर्यंत, कोडं तसंच राहायचं. तुम्ही म्हणाल, ते प्राध्यापकाचं घर होतं. खरं आहे. पण मला त्या गोष्टीत फळा जास्त मोलाचा वाटतो. न सुटलेला प्रश्न त्या घरात दिवसचे दिवस भिंतीवर राहू शकत होता. कुणी लगेच उत्तर सांगून तो पुसत नव्हतं, 'गप बस' म्हणूनही पुसत नव्हतं. त्याला बारावीच्या पुढचं शिक्षण लागत नाही.

तुमच्या भिंतीवर तर तो प्रश्न आधीच आहे. पुराच्या रेघेशेजारी खडूने लिहा, 'पाणी चिऊएवढं होऊन थांबलं का नाही?' आणि तिला सांगा, 'मला माहीत नाही. शोधू या.' हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकण्याची तिला सगळ्यात जास्त गरज आहे. आईलाही माहीत नसतं आणि तरी आई घाबरत नाही, शोधायला बसते, हे तिने बघायला हवं. तसं पाहिलं की वाकड्या 'क्ष'चीही भीती जाते.

मग एका रविवारी न्हाणीघरात बसा. एक तांब्या आणि एक परात. दोन्हींत वाटीवाटीने पाणी ओतायचं आणि कोळशाने खुणा करायच्या. तांब्यात पाणी झपझप चढतं, परातीत सावकाश. का? तिला सांगू नका, तिला बोलू द्या. मग परातीला एका बाजूने थोडं कलतं करून पाणी बाहेर जाऊ द्या, आणि वाट हाताने अडवा. येणारं पाणी जास्त आणि जाणारं कमी झालं की पाणी चढत राहतं, हे ती स्वतः म्हणेल. त्या दिवशी डोंगरात धुवांधार पाऊस होता आणि खाडीला भरती होती, पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, एवढं तुम्ही नंतर जोडा.

आणि पुढचा प्रश्न तुमच्या गावातच वाहतो आहे. कोकणातल्या इतर बऱ्याच नद्या मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या पडतात, मग वाशिष्ठीला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? कोयना नदी खरं तर पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे निघतं. त्यातलं काही पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणलं जातं, उंचावरून खाली सोडून पोफळीजवळ वीज तयार होते, आणि ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. डोंगर ओलांडून आलेलं पाणी! ज्या मुलीला राजधान्यांत रमवलं जातंय, तिला हे सांगून बघा. नकाशा लागेल. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात तिला घेऊन जा, तिथल्या कपाटांसमोर तिला तिच्या मनाने हिंडू द्या. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली विज्ञानखेळणीही फोनवर मोफत बघायला मिळतात, मराठीतूनसुद्धा. एक खेळणं बघायचं आणि फोन बाजूला ठेवून ते करायचं. सलग बघत बसायचं नाही.

एक काळजीची गोष्ट विचारून ठेवते. चिऊ पेपर वाचते, तो तिला कळतो का? हाक मारली की बघते, मुलांत खेळते, खोटं-खोटं जेवण वाढते ना? पत्रावरून तसं वाटतं. पण काही मुलं फार लवकर वाचतात आणि त्यांना अर्थ लागत नाही, बोलणं-मिसळणं अवघड जातं. तसं काही दिसलं, किंवा सात पूर्ण झाल्यावरही लिहिणं असंच अडलेलं राहिलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी व्यवस्थेत ही तपासणी मोफत होते. हुशार मुलाला लिहिण्या-वाचण्याची खरी अडचण असू शकते, आणि हुशारीमुळेच ती बराच काळ लपून राहते.

आता तुमचा मोठा मुलगा. पूर्ण पत्रात त्याच्या वाट्याला दोन-तीन ओळी आल्या आणि त्यांत 'साधा' हा शब्द आला. मला माझी ती नोंदवही आठवली म्हणून हे जरा कळकळीने लिहिते. बहिणीसमोर त्याने वाचणं सोडलं, म्हणजे त्याने स्वतःबद्दल काहीतरी ठरवून टाकलंय. आजपासून घरात नियम करा, कुणी वाचत असताना मध्ये बोलायचं नाही, चिऊनेही नाही, आजोबांनीही नाही. रोज पंधरा मिनिटं तो आणि तुम्ही, चिऊ आजोबांकडे. 'बघ, धाकटी असून वाचते' हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही. पुराच्या रेघेशेजारी दोघांची उंची दर महिन्याला मांडायची, आणि ते काम त्याचं. पट्टी त्याच्या हातात, खडू त्याच्या हातात. चिऊला मोजायचंय, पण तिचा हात पोचत नाही. त्याचा पोचतो.

आणि तो सायकल खोलत बसतो, असं तुम्ही लिहिलंय. खोलून परत जोडतो का? जोडताना एखादी गोष्ट वेगळी करून बघतो का? शेजारचं कुणी आपली सायकल त्याच्याकडे आणतं का? दोन-चार दिवस काही न बोलता त्याच्या बाजूला बसा, पाना पुढे करा, आणि तो काय बोलतो ते मला लिहून पाठवा. त्याचं घरातलं नावही कळवा, ते पत्रात राहून गेलंय.